घर्षणाचा चटका

पानिपत हे नाव उच्चारताच मराठी मनाला १४ जानेवारी १७६१ हा दिवस आठवतो. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार तर हिशेबाच्या वहीपासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत सर्वत्र वापरला जातो. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, ग्रँड ट्रंक रोडच्या काठी वसलेल्या आजच्या पानिपताची ओळख मात्र कापडाची आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकर कुटुंबांनी येथे 'खड्ड्या' म्हणजे हातमाग मांडले आणि चादरी, सतरंज्या, पायपुसणी, गालिचे यांचे हे मोठे केंद्र उभे राहिले. पुढे त्याला जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याच्या उद्योगाची जोड मिळाली. या पुनर्वापरित लोकरीला 'शॉडी' म्हणतात. तिचे तंत्र इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातल्या बॅटली गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने प्रथम यशस्वी केले. भूकंप, पूर अशा आपत्तींनंतर मदत छावण्यांत वाटली जाणारी स्वस्त, उबदार ब्लँकेटे पुष्कळदा याच पानिपती शॉडीची असतात.

परदेशातून गठ्ठ्यांनी आलेले जुने कोट आणि स्वेटर येथे रंगानुसार निवडले जातात. त्यांची बटणे, चेन आणि अस्तर काढले जाते. नंतर दातेरी रुळांची यंत्रे त्या चिंध्या फाडून त्यांचा पिंजलेला कापूस व्हावा तसा तंतू करतात. कार्डिंगची यंत्रे तो तंतू विंचरतात, त्याचे सूत कातले जाते, माग ते विणतात आणि शेवटी तारांचे रूळ ब्लँकेटाच्या पृष्ठभागावर लव उठवतात. फाडण्यापासून लव काढण्यापर्यंतची जवळजवळ प्रत्येक क्रिया घर्षणावर चालते. जे घर्षण कापडावर इष्ट तेच एखाद्या क्षणी कामगाराच्या हातावर येते, तेव्हा होणाऱ्या जखमेला 'घर्षणदाह' म्हणता येईल. ही जखम दिसते त्यापेक्षा बरीच गंभीर असू शकते, आणि बहुधा तिच्याकडे पहिल्या दिवशी दुर्लक्ष होते.

या दुर्लक्षाला काही अंशी भाषाही कारणीभूत आहे. घासण्याने होणाऱ्या इजांसाठी मराठीत शब्दांची समृद्धी आहे. दोरी काचते, नवी वहाण लागते, गुडघा खरचटतो, कोपर सोलवटते, कुदळ धरून हाताला घट्टे पडतात. यांपैकी एकाही शब्दात उष्णतेची सूचना नाही. भाजणे, पोळणे, चटका बसणे हे शब्द आपण विस्तव, वाफ आणि उकळते पाणी यांच्यासाठी राखून ठेवले आहेत. परिणामी चालत्या पट्ट्याला हात घासून आलेला कामगार 'जरा सोलवटले' असे म्हणतो, हळद दाबतो आणि पुन्हा कामाला लागतो. वास्तविक त्याचा हात भाजलेला असतो.

उष्णता येते कोठून?

तळहात एकमेकांवर जोरात घासले की ऊब येते, हा अनुभव सर्वांनाच आहे. काउंट रम्फर्ड याने १७९८ मध्ये तोफांच्या नळ्या कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. दाब, वेग आणि पृष्ठभागाचा खरखरीतपणा यांवर ही उष्णता ठरते. एक साधा हिशेब करून पाहता येईल. सेकंदाला १० मीटर वेगाने धावणाऱ्या पट्ट्यावर हाताचा सुमारे ५ किलो भार पडला आणि घर्षणांक ०.४ धरला, तर सुमारे २०० वॅट इतक्या दराने उष्णता निर्माण होते. हात अर्धा सेकंद तेथे राहिला तर ती १०० ज्यूल भरते. त्यातील निम्मी पट्ट्याने शोषली असे मानले, तरी उरलेली निम्मी उष्णता एक चौरस इंच त्वचेच्या वरच्या अर्ध्या मिलिमीटर थराचे तापमान ४० ते ५० अंशांनी वाढवण्यास पुरेशी आहे. त्वचेचे मूळ तापमान ३३ अंशांच्या आसपास असते, हे येथे लक्षात घ्यावे.

एवढ्या तापमानाला त्वचा किती वेळ टिकते? मॉरिट्झ व हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये याविषयी केलेले काम आजही आधारभूत मानले जाते. ४४ अंश सेल्सिअसला त्वचा भाजायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना मात्र सुमारे पाच सेकंद पुरतात. ७० अंशांच्या पुढे एक सेकंदही जावा लागत नाही. तापमान थोडे वाढले की अवधी झपाट्याने घटतो, म्हणूनच 'हात लगेच काढला होता' हे समाधान फारसे उपयोगी पडत नाही.

शिवाय घर्षणदाहात दोन इजा एकाच वेळी होतात. उष्णता त्वचा भाजते आणि खरखरीत पृष्ठभाग तीच त्वचा खरवडून नेतो. वरचा थर गेल्यामुळे खालच्या थराला उष्णता थेट भिडते. उकळत्या पाण्याने भाजल्यावर फोड येतो व तो फोड काही काळ आतल्या मांसाचे रक्षण करतो. पट्ट्याने भाजलेल्या हातावर ते आच्छादनही उरत नाही, आणि जखमेत तेल, रंग व चिंध्यांची धूळ भरलेली असते.

फोड, घट्टा आणि सोललेली त्वचा

सर्व घर्षण सारखे नसते. मंद आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या घर्षणात उष्णतेपेक्षा ओढ अधिक काम करते. नव्या चपलेने टाचेला फोड येतो तेव्हा त्वचेचा वरचा जाड थर चपलेबरोबर सरकतो, खालचा थर हाडाबरोबर राहतो आणि मधल्या पेशींचा थर फाटून त्या पोकळीत पाणी भरते. असा फोड तळहात व तळपाय येथेच प्रामुख्याने येतो, कारण वरचा थर तेथेच पुरेसा जाड असतो. पातळ त्वचेवर फोड न येता ती सरळ सोलून निघते. घामाने किंचित ओलसर झालेली त्वचा पूर्ण कोरड्या त्वचेपेक्षा जास्त घासली जाते, ही गोष्ट पावसाळ्यात ओले मोजे घालून चालणाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही.

हेच घर्षण सोसण्याजोग्या मात्रेत रोज होत राहिले, तर शरीर त्याला घट्ट्याने उत्तर देते. जुन्या विणकराच्या बोटांवर, शेतकऱ्याच्या तळहातावर, सतारवादकाच्या बोटाच्या टोकावर हा घट्टा असतो. पूर्वी दिवसभर नोटा मोजणाऱ्या रोखपालाच्या अंगठ्याची त्वचाही अशीच राठ होत असे. तो हाताचा जणू मुदतठेवीतला साठा. घट्टा तयार व्हायला आठवडे लागतात. वेगवान पट्टा त्वचेला तेवढी मुदत देत नाही.

साध्या फोडाकडे तुच्छतेने पाहू नये याचे एक दु:खद उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांचा १६ वर्षांचा मुलगा १९२४ च्या उन्हाळ्यात मोजे न घालता टेनिस खेळला. त्याच्या पायाच्या बोटाला फोड आला, त्यातून जंतू रक्तात शिरले आणि ७ जुलै १९२४ रोजी तो मरण पावला. प्रतिजैविके तेव्हा उपलब्ध नव्हती. आज ती आहेत, परंतु मधुमेही व्यक्तीच्या पायावरचा फोड अजूनही तितकाच धोक्याचा असू शकतो. पायाची संवेदना मंदावल्यामुळे त्याला फोड आल्याचे कळतच नाही. अशा व्यक्तींनी रोज रात्री तळपाय पाहावेत आणि फोड स्वत: फोडू नये. इतरांनीही फोडाचे कातडे कापून टाकू नये. तेच त्याचे सर्वोत्तम आवरण असते.

ग्रँड ट्रंक रोडवर, आता राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, दुचाकी घसरून होणारी जखम हा घर्षणदाहाचा आणखी एक प्रकार. डांबरावरची खडी व वाळू त्वचेत रुतून बसते. ती पहिल्या दिवसातच निगुतीने धुऊन काढली नाही तर गोंदल्यासारखे निळेकाळे डाग कायमचे राहतात. हरियाणाच्या आखाड्यांतून गादीवर खेळणाऱ्या मल्लांच्या गुडघ्यांना व कोपरांना घासून होणाऱ्या जखमा नित्याच्या असतात. त्या उघड्या ठेवून सराव केला तर गजकर्ण व इतर त्वचारोग एका मल्लाकडून दुसऱ्याकडे जातात. शहरी घरांत आलेल्या ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यात लहान मुलांची बोटे सापडतात. मुलांची त्वचा पातळ असल्याने ही जखम पुष्कळदा खोल जाते आणि बोट वाकडे राहण्याचा धोका संभवतो. पतंगाच्या मांजाने होणारी इजाही याच कुळातली. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरीही संक्रांतीच्या सुमारास दुचाकीस्वारांचे गळे कापल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

यंत्रापाशी

कारखान्यातील सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे रुळांच्या जोडीत हात ओढला जाणे. अशा वेळी भाजणे, चिरडणे आणि सोलणे या तिन्ही क्रिया एकत्र होतात. हातातला मोजा उलटा काढावा तशी कातडी हाडावरून उतरते. पुष्कळदा यंत्रापेक्षा माणसाची स्वाभाविक प्रतिक्रियाच अधिक हानी करते. तो सर्व ताकदीने हात मागे खेचतो आणि कातडी आत राहते. यंत्र प्रथम बंद करावे, विजेचा मुख्य खटका पाडावा आणि रूळ सैल करून हात मोकळा करावा. यंत्र उलटे फिरवून हात काढण्याचा मोह टाळावा, कारण जखम तेवढीच पुन्हा होते.

हातमोजे घातले की हात सुरक्षित राहतो ही समजूत फिरत्या यंत्रापाशी उलटी ठरते. गठ्ठे उचलताना, दोर ओढताना मोजे अवश्य घालावेत. परंतु फिरता रूळ मोज्याचे टोक पकडतो आणि पाठोपाठ हात नेतो. म्हणून तेथे मोजे वर्ज्य आहेत. अंगठी, कडे, मनगटाचा धागा, ओढणी, साडीचा पदर आणि जानेवारीच्या कडाक्यात गळ्याभोवती गुंडाळलेला मफलर यांनाही हाच नियम लागू होतो. थंडीने बधिर झालेली बोटे वेळीच मागे येत नाहीत, हेही पानिपतच्या हिवाळ्यात विसरता येत नाही.

खरा उपाय यंत्राच्या आवरणात आहे. फिरत्या भागांना भक्कम कुंपण असावे असा दंडक १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २१ ने घातला होता. आता ही जबाबदारी व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत समाविष्ट झाली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. प्रत्यक्षात पट्ट्यावरची जाळी साफसफाईसाठी एकदा काढली की ती भिंतीशी टेकून उभी राहते. सूत गुंतले, चिंधी अडकली की यंत्र बंद न करता ती ओढून काढण्याची सवयही जुनीच. मजुरी नगावर असेल तर थांबलेले यंत्र म्हणजे बुडालेला पैसा, ही कामगाराची अडचण खरी आहे. परंतु जाळी बसवण्याचा खर्च यंत्राच्या किमतीत नगण्य असतो. जुने यंत्र विकत घेण्यासाठी कर्जप्रस्ताव तयार करताना उद्योजकाने तो अंदाजपत्रकात प्रथमच धरावा, आणि जागेची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने यंत्राच्या क्रमांकाबरोबर त्याच्या जाळीकडेही पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पहिली वीस मिनिटे

घर्षणदाह झाल्यावर नळाच्या वाहत्या, स्वच्छ, थंड पाण्याखाली तो भाग पूर्ण २० मिनिटे धरावा. जखमेनंतर तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा वाढते. सूज येण्यापूर्वी अंगठी व बांगड्या काढाव्यात. पाण्याबरोबरच साबणाने धूळ व तेल धुऊन काढावे. त्यानंतर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, न चिकटणारी स्वच्छ पट्टी आणि धनुर्वाताची लस, एवढे पुरे. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, चुना यांतील काहीही लावू नये. कारखान्यात यंत्राचे ग्रीस लावण्याची पद्धत आढळते, ती तर निखालस घातक होय. या लेपांमुळे जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. ते खरवडून काढताना रुग्णाला जे सोसावे लागते ते वेगळेच.

बोट तुटले असल्यास तो भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फात टाकू नये. सहा तासांच्या आत तज्ज्ञ शल्यविशारदाकडे पोहोचणे श्रेयस्कर. पानिपतकरांसाठी सुमारे ७० किलोमीटरवर रोहतकची पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे आणि दिल्लीत भाजलेल्यांच्या विभागासाठी प्रसिद्ध असलेले सफदरजंग रुग्णालय आहे.

जखमेची खोली ओळखण्याच्या खुणा जुन्याच आहेत. सुश्रुतसंहितेत भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. केवळ रंग बदललेले ते 'प्लुष्ट', फोड व तीव्र वेदना असलेले ते 'दुर्दग्ध', त्यापुढचे 'सम्यग्दग्ध' आणि मांस लोंबू लागलेले ते 'अतिदग्ध'. आधुनिक वर्गीकरण त्वचेच्या थरांवर आधारलेले आहे, तरी क्रम तोच आहे. लालभडक, दुखणारी, दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा लाल होणारी जखम वरवरची असते आणि दोन आठवड्यांच्या आत भरते. पांढरट किंवा चामड्यासारखी, दाबूनही रंग न बदलणारी आणि न दुखणारी जखम खोल समजावी. वेदना नाही याचा अर्थ मज्जातंतूंची टोके जळून गेली आहेत. 'फारसे दुखत नाही हो' असे सांगणाऱ्या कामगारालाच आधी रुग्णालयात न्यावे.

हाताच्या मागील बाजूची त्वचा पातळ असून तिच्याखाली लगेच बोटे सरळ करणाऱ्या शिरा असतात. त्यामुळे तेथील जखम आकाराने लहान असली तरी तज्ज्ञाला दाखवावी. चेहरा, पाऊल, जननेंद्रिये आणि सांधे यांवरील जखमांनाही हेच लागू आहे. तीन आठवड्यांत न भरलेली जखम पुढे आवळून येणारा वण ठेवते, म्हणून डॉक्टर मृत त्वचा काढून मांडीची पातळ त्वचा तेथे रोपण करतात. रोपणानंतरही काही महिने व्यायाम, घट्ट दाबाचे मोजे आणि उन्हापासून संरक्षण चालू ठेवावे लागते. नव्या त्वचेला स्वत:चा घाम व तेलकटपणा नसतो, तिला रोज तेल लावावे लागते. हा काळ मजुरीवाचून काढायचा असतो, आणि अनेक कामगार येथेच उपचार सोडतात.

भरपाईचा हिशेब

शाखेत येणाऱ्या ग्राहकांचा एक गैरसमज येथे दूर करणे अगत्याचे आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराच्या खात्यातून वर्षाला २० रुपये वजा होतात. हा हप्ता पूर्वी १२ रुपये होता, तो जून २०२२ पासून वाढला. अपघाती मृत्यू, किंवा दोन्ही हात, दोन्ही पाय वा दोन्ही डोळे कायमचे गमावल्यास २ लाख रुपये मिळतात. एक हात, एक पाय वा एका डोळ्याची दृष्टी कायमची गेल्यास १ लाख मिळतात. बोटाच्या नुकसानीची तरतूद मात्र या योजनेत नाही. पट्ट्यात सापडलेले बोट घेऊन दावा करायला आलेल्या खातेदाराला म्हणूनच रिकाम्या हाताने परतावे लागते.

बोटाची किंमत कायद्याने अन्यत्र मोजलेली आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेल्यास उपार्जनक्षमतेची हानी ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, मधले बोट १२ टक्के आणि अनामिका किंवा करंगळी गेल्यास ७ टक्के धरली आहे. ही तरतूद आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली असून तिची जबाबदारी मालकावर आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला कामावर इजा झाल्यास पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. उपचाराच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने रोख लाभ आणि कायमचे अपंगत्व राहिल्यास त्या प्रमाणात मासिक रक्कम मिळते. पानिपतात या योजनेचे स्वतंत्र रुग्णालय आहे. मात्र उत्तर प्रदेश व बिहारमधून येऊन ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्यांची नावे पुष्कळदा हजेरीपटावरच नसतात. अशा वेळी मजुरी कारखान्याकडून थेट बँक खात्यात जमा होत असेल, तर पासबुकातील ती नोंद तो माणूस त्या कारखान्यात काम करत होता याचा लेखी पुरावा ठरते. दाव्यासाठी अपघाताच्या दिवसाची रुग्णालयाची चिठ्ठीही लागते, आणि ती 'सोलवटले' म्हणून घरी गेलेल्याजवळ नसते.